कण्हेरीचे निर्माल्य

वैशाखातली पहाट सावळागडावर उजाडली ती कोरडीच. पूर्वेच्या डोंगररांगेआडून तांबूस उजेड वर आला; तो आधी बालेकिल्ल्याच्या निशाणकाठीला लागला, मग सावळाई देवीच्या देवळाच्या कळसाला, मग तोफांच्या माऱ्याने जागोजाग ढासळलेल्या तटाला, आणि सरतेशेवटी गडाखालच्या माळावर नजर पोहोचेल तिथवर पसरलेल्या पातशाही डेऱ्यांना. हिवाळ्यात पडलेला वेढा उन्हाळा सरत आला तरी उठला नव्हता. गडावरचे गवत घोड्यांनी संपवले, मग गवतावाचून घोडीच संपली. आंबा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या तोडून चुलीत गेल्या, त्यांच्यामागून वाड्यांची दारे गेली. हिरवे असे एकच झाड आता गडावर उरले होते, ते म्हणजे देवळामागची कण्हेर.

कण्हेरीला कोणी हात लावला नव्हता. तिचा धूर छातीत बसतो म्हणून तिचे सरपण करीत नाहीत, आणि तिच्या पाल्याला उपाशी शेळीसुद्धा तोंड लावीत नाही. सारा गड वाळून कोळ झाला असता ती मात्र लालबुंद फुलांनी अंगभर डवरली होती. देवीच्या पूजेला दुसरे फूल नव्हते. त्यामुळे रोज सकाळी कण्हेरीच्या भरगच्च माळा, डहाळ्या-पानांसकट, सावळाईच्या गळ्यात पडत आणि दुसऱ्या सकाळी उतरत.

बायकांच्या तोंडी ती कण्हेर, पोथीत ती करवीर. पण केसोभट वैद्याच्या घराण्यात तिचे तिसरे एक नाव चाले, अश्वमार. घोडा मारणारी. तिची मुळी विषारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. फुलाचे मात्र कोणी नाव घेत नसे. फूल देवाचे, आणि देवाच्या फुलात विष असेल हे मनात तरी कोणाच्या यावे?

हा केसोभट किल्लेदाराच्या वडिलांच्या वेळेपासून गडाचा वैद्य होता. अंगाने काडी, जिभेने सुरी. रोग्याला बरे करण्याआधी तो दोन शिव्या देई, आणि गडकरी म्हणत की निम्मा गुण त्या शिव्यांचाच आहे. एवढ्या या धीट माणसाला एकाच गोष्टीचे भय होते, ते कड्याचे. उभी हयात डोंगरी किल्ल्यावर काढून त्याने कधी तटावरून खाली वाकून पाहिले नव्हते. तटावरून जायची वेळ आली तर आतल्या भिंतीला हात लावून, डोळे पायांवर ठेवून जाई. सारी शिबंदी त्याची थट्टा करी आणि तोही ती निमूटपणे सोसून घेई, कारण भय खरे होते.

त्या सकाळी तो दरवाजावरच्या बुरुजावर आला होता. तिथे ‘रणचंडी’ नावाची तोफ होती आणि तिचा गोलंदाज दाऊदखान उघड्या अंगाने बसला होता. दारू, घाम आणि ऊन यांनी त्याच्या खांद्यांवर गजकर्ण माजले होते. केसोभटाने काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून काळपट तेल लावायला सुरुवात केली.

“बोटांनी का लावत नाही, वैद्यबुवा? बाटता की काय?”

“बाटायला मी शिल्लक उरलो पाहिजे ना. कण्हेरीच्या मुळीचं तेल आहे हे. आमचे आजोबा म्हणत, कण्हेर कातडीची मैत्रीण आणि जिभेची वैरीण. बुधली तुझ्यापाशी ठेव, पण लावल्यावर हात धुवत जा.”

“धुवायला पाणी कुठलं? प्यायला मोजून मिळतंय.”

“मग राखेनं घास. बोट तोंडात गेलं तर तुझी ही रणचंडी विधवा होईल.”

दाऊदखान मोकळेपणाने हसला. त्या तोफेवर त्याचा जीव होता. दरवाजाकडे चढणारी वाट नेमकी तिच्या तोंडाखाली येत होती, आणि तिला निशाणावर बसवणे त्याच्याखेरीज गडावर कोणाला साधत नव्हते. वेढा घालून बसलेल्या पातशाही खानाची फौज चार वेळा त्या वाटेने चढली आणि चारही वेळा माघारी गेली, ती या एका माणसाच्या हातामुळे.

“रात्रभर ज्वर होता अंगात. काही द्या की.”

“ज्वराला बचनाग हवा, विषारी खरा, पण ताप उतरवणारा. तो चैत्रातच संपला. आता माझ्या बटव्यात दोनच औषधं राहिली, हे तेल आणि माझी जीभ.”

“जीभ नका लावू,” दाऊदखान म्हणाला, “तेल परवडलं. आणि आलाच आहात तर आज एकदा खाली बघून घ्या. काय देखावा आहे!”

“तू बघ. तुझी डोळ्यांची उमर आहे,” असे म्हणून केसोभट भिंत धरून माघारी वळला. तेवढ्यात पागेकडून आरडाओरडा उठला. किल्लेदाराची घोडी पडली होती.

किल्लेदार सिधोजीराव काकडे पागेत मातीत बसले होते. गडावरची ही शेवटची घोडी. आपल्या वाट्याचे पाणी निम्मे तिला पाजून त्यांनी तिला जगवले होते, कारण कधी ना कधी दरवाजा उघडून खाली झेप घ्यावी लागेल, तेव्हा आपण घोड्यावर असावे एवढीच त्यांची इच्छा उरली होती. घोडीच्या तोंडाला फेस होता आणि पाय ताठले होते. पलीकडे पहाऱ्याचे तीन गडी भिंतीशी ओकत बसले होते. आठवडाभर हे चालले होते. केसोभटाने त्याला कुजक्या नाचणीचा दोष समजून सुंठ दिली होती. आता त्याने एकाचा हात हातात घेतला. नाडी चालता चालता थांबे, हरवल्यासारखी होई, मग बेडकासारखी उडी घेई. दुसऱ्याची तशीच. तिसरा म्हणाला, “वैद्यबुवा, मला सगळं पिवळं दिसतंय. तुमचं तोंडसुद्धा.”

केसोभटाने आणखी काही विचारले नाही. घराण्यातला तो शब्द त्याच्या डोक्यात आपोआप येऊन बसला, आणि त्याने मेलेल्या घोडीकडे पाहिले.

सदरेवर माणसे जमली तेव्हा सबनीस लिंगोपंत पुढे झाले. गोरे, ठेंगणे, मऊ बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “राव, स्पष्ट बोलतो, क्षमा असावी. हा अन्नदोष नव्हे. घोडी नाचणी खात नव्हती, पाणी पीत होती. खांबटाक्याच्या पाण्यात कोणीतरी विष कालवलं आहे.”

गडावर पाण्याची दोनच ठिकाणे होती. डोंगर कोरून काढलेले मोठे खांबटाके, आणि बालेकिल्ल्याखालचा एक झिरपा, ज्यात दिवसभर थेंब थेंब साठून दोन-चार घागरी भरत. खांबटाके गेले म्हणजे गड गेलाच.

सिधोजीराव उठले. रागाने त्यांचा चेहरा काळा पडला होता. त्यांनी देवीपुढचा बेलभंडार उचलला आणि कपाळाला लावला. “सावळाईची आण घेऊन सांगतो, ज्यानं गडाचं पाणी नासवलं त्याचा आज दिवस मावळायच्या आत तांबड्या कड्यावरून कडेलोट होईल.”

“अपराधी म्हणेल, अजाणता घडलं,” लिंगोपंत हळूच म्हणाले. “असल्या सबबी फार ऐकल्या आहेत.”

“जाणून असो, अजाणता असो! माझ्या रक्तामांसाचा असला तरी!” त्यांनी बेलभंडार खाली ठेवला. शब्द सुटला होता, आणि देवीच्या नावाने सुटलेला शब्द त्या काळी परत घेता येत नसे. राज्ये गेली, पण आण मोडली नाही, अशी ती माणसे होती. चांगली होती की वेडी होती, हे आपण आज घरात बसून काय ठरवणार?

केसोभटाने आपल्या खोपटात जाऊन आधी स्वतःची झडती घेतली. कण्हेरीच्या मुळ्या फडक्यात जशाच्या तशा होत्या. मग तो खांबटाक्याकडे गेला. पुढच्या बाजूने पाणी भरायच्या पायऱ्या होत्या. तिथे पहारा होता. मागच्या बाजूला, देवळाच्या अंगणातून, एक अरुंद वाट खांबांमागच्या अंधारात उतरत असे. ती पुजाऱ्यांची वाट होती. पुजारी वेढ्याच्या पहिल्याच महिन्यात तोफेच्या गोळ्याने गेला, आणि तेव्हापासून पूजेचे काम किल्लेदाराच्या मातोश्रींनी, आऊसाहेबांनी, आपल्याकडे घेतले होते.

त्या वाटेच्या तोंडाशी केसोभट थबकला. आत आऊसाहेब पाण्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली ती माउली टोपलीतून एकेक माळ उचलून, कपाळाला लावून, झोपलेल्या लेकराला खाली ठेवावे तशी पाण्यात सोडत होती. लाल माळा क्षणभर तरंगत आणि खांबांमागच्या काळोखात सरकत. तिथे, जिथे उजेड पोहोचत नव्हता, काहीतरी कुजल्याचा गोडसर वास येत होता.

“कोण? केसोबा का?” त्यांनी मान न वळवताच विचारले. “पायांचा आवाज ओळखते मी तुमचा. भिंत धरून चालता.”

“आऊसाहेब, निर्माल्य इथं कधीपासून सोडता?”

“पुजारी गेला तेव्हापासून. पूर्वी गडाखालच्या ओढ्यात जायचं. आता दरवाजा बंद. कड्यावरून टाकावं म्हटलं, तर खाली त्यांच्या घोड्यांचा तळ. देवीच्या अंगावरचं फूल घोड्यांच्या टापांखाली जाऊ देऊ काय मी? पाण्यात सोडायचं, एवढंच मला ठाऊक. वाहतं नाही, तर साठलेलं तरी.” मग त्या वळल्या. चेहरा उपासाने ओढला होता. “पोरं ओकतात म्हणे. मी आज देवीला दुप्पट माळा घातल्या. म्हटलं, राख बाई माझ्या लेकरांना.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे झाले होते. फक्त या कळशात मरण होते.

आऊसाहेब गेल्यावर तो धोतर खोचून पाण्यात उतरला. खांबांमागे कंबरेइतका चिखल होता, आणि चिखल कसला, महिन्यांमागून महिने कुजलेल्या फुलांचा, पानांचा, डहाळ्यांचा लगदा होता. पावसाळ्यानंतर टाके भरलेले होते तोवर हे विष पातळ राहिले. आता पाणी तळाला गेले आणि विषाचा काढा झाला. उपरण्याची झोळी करून तो ते सारे बाहेर ओढत राहिला, धोंड्यांखाली गाडत राहिला. हे करताना तो रडत होता, आणि रडू त्या मेलेल्या घोडीचे नव्हते की ओकणाऱ्या गड्यांचेही नव्हते. आईविना वाढलेल्या केसोभटाला या गडावर पहिला गरम घास आऊसाहेबांनी वाढला होता. त्याची बायको बाळंतपणात गेली तेव्हा त्याच्या दारात येऊन बसणारी तीच होती. खरे सांगितले तर आज सांजेला सिधोजीरावांना एकतर आईला कड्यावरून लोटावे लागेल, नाहीतर देवीची आण मोडावी लागेल. आणि शिबंदी? देवीच्याच फुलांनी आपल्याला मारले, असे कळल्यावर त्या उपाशी माणसांच्या हातात तलवार कशाच्या बळावर राहणार होती? खरे न सांगावे तर लोक तेच पाणी पीत राहतील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही विषाने भरलेल्या.

तो ओलाचिंब बाहेर आला तेव्हा लिंगोपंत वाटेतच उभे होते. “वैद्यराज, शोध लागला. दाऊदखानाच्या बुरुजावर विषाची बुधली सापडली. कुत्र्याला चाटवली, कुत्रं लोळलं.”

“ते मीच दिलेलं कातडीचं तेल आहे! सदरेवर जाऊन सांगतो.”

“सांगू नका.” लिंगोपंतांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज आणखी मऊ केला. “तुम्ही शहाणे आहात. कुमकेची वाट पाहून डोळे पांढरे झाले. कुमक येत नाही, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. ती तोफ आज थंड झाली तर उद्या राव खानाकडून अभयाचा कौल घेतील, दरवाजा उघडेल, पोरंबाळं पाणी पितील. एका गोलंदाजाच्या बदल्यात सारा गड वाचतो. तुम्ही वैद्य ना? सडलेलं बोट कापून हात वाचवताच की तुम्ही.”

“सडलेलं कापतो, पंत. निरोगी बोट कापणाऱ्याला आमच्यात वैद्य म्हणत नाहीत.” केसोभटाने उपरणे पिळले. “आणि कौलाच्या अटी तुम्हाला आधीच ठाऊक दिसतात.”

लिंगोपंत नुसते हसले. वाईट गोष्ट ही, की त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कुमक खरोखरच येणार नव्हती.

सदरेवर दाऊदखान मुसक्या बांधून उभा होता. कपाळातून रक्त येत होते. कालपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या गड्यांनीच दगड मारले होते. घर फिरले की वासेही फिरतात. तो ओरडत नव्हता. फक्त म्हणत होता, “राव, तोफेत गोळा ठासलेला आहे. कुणीतरी तिच्यापाशी उभं राहा.”

“सिधोजीराव!” केसोभटाने हाक दिली. भर सदरेत किल्लेदाराला नावाने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. माणसे बाजूला झाली. चिखलाने भरलेला तो किरकोळ ब्राह्मण पुढे आला. “त्याच्या मुसक्या सोडा. ते तेल माझं आहे, गजकर्णाचं आहे. पाणी मी नासवलं.”

“वैद्यराज, तुम्हाला भोवळ आली आहे,” सिधोजीराव म्हणाले.

“भोवळ नाही. ज्वराच्या औषधासाठी बचनागाच्या मुळ्या भिजत घालायच्या होत्या. पाण्याची टंचाई, म्हणून पिशवी टाक्यात सोडून ठेवली. दोरी तुटली, पिशवी तळाला गेली, आणि मी भिऊन बोललो नाही. आज उतरून काढली, पण पाणी गेलं. त्या टाक्याचा एक घोटही कोणी घेऊ नका. झिरप्याचं तेवढं प्या. आधी ओकणाऱ्यांना.”

सदरेच्या मागे चिकाचा पडदा हलला. तिथे आऊसाहेब बसत असत. केसोभटाने बचनागाचे नाव मुद्दाम घेतले होते. कण्हेर हा शब्द त्याने त्या सदरेत उच्चारला नाही, कारण तो कानी पडता तर पडद्यामागचा एक जीव जागच्या जागी सारे समजून गेला असता.

“केसोबा,” सिधोजीराव लहानपणीच्या आवाजात म्हणाले, “माझा गोवर तुम्ही काढलात. मी बेलभंडार उचललाय हो.”

“ठाऊक आहे, राव. उचललात ते बरोबरच केलंत. पाण्याचा अपराध थोर.”

“खोटं आहे हे,” लिंगोपंत घाईने म्हणाले. “वैद्यराज मित्राला वाचवताहेत.”

“तर मग पंतांनी टाक्याचं एक भांडं पाणी प्यावं,” केसोभट म्हणाला. “दाऊदखानाचं विष तर बुधलीतच सापडलं ना? मग पाणी चांगलंच असेल.”

लिंगोपंत मागे सरले. कोणीतरी त्या तसल्या वेळीही हसले. दाऊदखानाच्या मुसक्या सुटल्या.

उन्हे कलल्यावर वैद्याला तांबड्या कड्याकडे नेले. वाट तटावरूनच होती. केसोभट नेहमीसारखा भिंतीला हात लावून चालत होता, आणि आज त्याला कोणी हसले नाही. हात धरायला दाऊदखान शेजारी होता.

“बुवा,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “बचनाग तर चैत्रातच संपला होता.”

“गप.”

“माझ्यासाठी करताय हे? मी साधा गोलंदाज. मला ओझं होईल हो हे.”

“तुझ्या एकट्यासाठी नाही, म्हणून ओझंही एकट्यानं घेऊ नकोस. तोफेपाशी जा. आणि तेल लावलंस की हात घास.” एवढे बोलल्यावर तो खरोखर भ्याला. “दाऊद, अरे, फार खोल आहे का रे?”

“नाही, बुवा,” दाऊदखान म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. “काही खोल नाही.”

कड्यावर आऊसाहेब आल्या होत्या. त्यांनी पदराआडून देवीचा अंगारा काढला आणि केसोभटाच्या कपाळाला लावला. “असं कसं केलंत, केसोबा? इतके जपून चालणारे तुम्ही!”

“चुकलो, आऊसाहेब. एक मागणं आहे. ते टाकं मी विटाळलं. तिथं आता देवीचं निर्माल्य सोडू नका. या कड्यावरून सोडत जा.”

“खाली घोडी आहेत ना. पायदळी जाईल.”

“मी असेन खाली,” केसोभट म्हणाला. “माझ्यावर पडेल. पायदळी जाऊ देणार नाही.”

आऊसाहेबांनी तोंडाला पदर लावला आणि मान डोलावली. सिधोजीराव पाठ करून उभे होते. त्यांना पाहवत नव्हते, आणि त्यांच्या खुणेशिवाय कोणी पुढे होत नव्हते. शेवटी केसोभटानेच भिंतीवरचा हात काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कड्याच्या टोकाशी जाऊन खाली पाहिले. देखावा खरोखर मोठा होता. मग तो कोणाची वाट न पाहता स्वतःच पुढे झाला.

यातून गड वाचला असे सांगता आले असते तर सांगणाऱ्याला बरे वाटले असते. गड वाचला नाही. झिरप्याच्या घागरींवर इतकी माणसे किती दिवस जगणार? रणचंडी आणखी दोन हल्ले परतवून लावू शकली. तिसऱ्या वेळी दारू संपली, आणि दाऊदखान तोफेला पाठ लावून, हातात बत्ती घेतलेला, तिथेच मेला. दुसऱ्या सकाळी सिधोजीरावांनी उभे राहू शकत होते तेवढ्या माणसांनिशी दरवाजा उघडला आणि पायी खाली झेप घेतली. त्यांच्यातले कोणी परत आले नाही. कुमकही आली नाही. लिंगोपंतांनी किल्ल्या तबकात घालून नेल्या आणि नव्या धन्याकडेही ते सबनीसच राहिले. असल्या माणसांना गड बदलावा लागत नाही.

खानाने बायकांना नेसत्या वस्त्रांनिशी जाऊ दिले. आऊसाहेबांची डोली उतरू लागली. मांडीवर टोपली होती. त्या सकाळी देवीच्या अंगावरून उतरलेल्या शेवटच्या माळा तिच्यात होत्या. कण्हेरीवर आता एक कळीही उरली नव्हती. वाट तांबड्या कड्याच्या पायथ्याशी आली तेव्हा त्यांनी डोली थांबवायला सांगितली.

तिथे धोंड्यांचा एक नीट रचलेला ढिगारा होता. त्याच्यावर आणि भोवताली, वाळून काळी पडलेली, कालची, परवाची, त्याच्या आधीची, सारी फुले पडलेली होती. भोवती काठ्या रोवून दोरी बांधली होती. दोरीच्या आत एका टापेचाही ठसा नव्हता. पलीकडे घोड्यांचा एक म्हातारा मोतद्दार पाण्याची पखाल घेऊन बसला होता. तो दूरच्या, समुद्रापलीकडच्या मुलखातला होता आणि मोडकी दखनी बोलत असे.

“ही दोरी कुणी बांधली, बाबा?” आऊसाहेबांनी विचारले.

“आम्हीच, अम्मा. वरून ही फुलं पडायला लागली त्याच दिवशी. घोडी इकडं फिरकू देत नाही.”

“देवाची फुलं म्हणून?”

“नाही नाही.” तो हसला. “आमच्या मुलखात कोरड्या नद्यांच्या काठी हीच झाडं माजतात. खरजहरा म्हणतात. गाढवाचं जहर. मुळी काय, पान काय, फूल काय, सगळं सारखंच. एवढंच काय, ज्या डबक्यात ही फुलं कुजली, त्याचं पाणी प्यालं तरी घोडा जगत नाही. आणि माणूसही.”

“पाणी?” आऊसाहेब म्हणाल्या.

“होय, अम्मा, नुसतं पाणी. आधी ओकतो, मग पिवळं दिसतं.” मोतद्दाराने ढिगाऱ्याकडे बोट दाखवले. “याला आम्हीच माती दिली. रोज सकाळी याच्यावर वरून फुलं येत होती. आम्हाला वाटलं, तुमचा कोणी पीर असेल.”

भोई कुजबुजू लागले. ऊन चढत होते. आऊसाहेब ढिगाऱ्याकडे पाहत होत्या, मग त्यांनी मांडीवरच्या टोपलीकडे पाहिले, आणि मग आपल्या हातांकडे.

“होय,” त्या म्हणाल्या. “पीरच होता.”

म्हाताऱ्याला त्यांच्या सुकलेल्या ओठांची दया आली. त्याने पखालीचे तोंड सोडले आणि ओंजळ पुढे करा, अशी खूण केली. निवळ, थंड पाण्याची धार उन्हात चकाकली. कितीक दिवसांत इतके पाणी एका जागी त्यांनी पाहिले नव्हते. आऊसाहेबांची ओंजळ सवयीने पुढे झाली, पाण्याखाली क्षणभर थांबली, आणि त्यांनी ती मागे घेतली.